नमुन्याचं घर

“इथं चोर येऊन गेलाय,” एक मुलगा म्हणाला.

पाच-सहा मुलं फरशीवर माझ्याभोवती मांडी घालून बसली होती. समोर पांढरा सोफा, पांढऱ्या भिंती, एक बुटकं टेबल आणि त्यावर एका उंच बरणीत खोवलेली एकच वाळकी फांदी. बाकी त्या हॉलमध्ये काही नव्हतं.

“कशावरून?” मी विचारलं.

“काहीच न्हाई की. टीव्ही नेला, कपाट नेलं, देवबी नेलं.”

“काठी तेवढी ठेवलीय,” त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली.

“ती काठी नाही गं, ती शोभेची आहे.” हे तिच्या मोठ्या बहिणीनं, जरा वरच्या आवाजात.

“वाळल्यावर कसली शोभा?”

मी कोणालाच चूक म्हटलं नाही. मूल काहीही म्हणालं, तरी आधी ‘कशावरून’ विचारायचं, एवढं एक मी शाळेत शिकवताना शिकले. पुष्कळदा त्याचं बरोबर निघतं.

ही शाळा नव्हती. कोल्हापूरच्या बाहेर, हायवेच्या अलीकडे, उसाच्या रानाला लागून एका बिल्डरनं इमारती काढल्या होत्या. तळमजल्यावर एकाच नकाशाचे तीन फ्लॅट नमुना म्हणून सजवून ठेवले होते. गिऱ्हाइकानं तिन्ही बघायचे आणि आपलं घर कसं लावायचं ते ठरवायचं. विक्रीचं काम बघणारा मेघराज माझा चौथीचा विद्यार्थी. मी निवृत्त झाले, त्याच्या आधीच हर्षदचे बाबा गेले होते. हर्षद, माझा मुलगा, बंगळूरला. एक दिवस मेघराज घरी आला आणि म्हणाला, “बाई, आईबाप घर बघत्यात आन् पोरं पांढऱ्या सोफ्यावर चढत्यात. तुम्ही नुसती पोरं धरून बसा. बाकी मी बघतो.”

मी हो म्हणायला चहा संपेपर्यंतही वेळ घेतला नाही. घरात दिवसभर फ्रिजचा आवाज यायचा, आणि तो थांबला की मला दचकायला व्हायचं.

पोरं धरून बसायचं तर त्यांना काही काम द्यायला हवं. म्हणून मी एक खेळ काढला. घर बघायचं आणि इथं कोण राहतं ते ओळखायचं. नुसतं ओळखायचं नाही, कशावरून तेही सांगायचं. हळूहळू आईबापही दारात उभे राहून ऐकायला लागले. मग मेघराजनं मला घरांची खरी नावं शिकवली. रिकामं पांढरं घर म्हणजे मिनिमल. दुसरं इंडस्ट्रियल. त्याच्या भिंतींना गिलावा नव्हता, विटा उघड्या ठेवलेल्या, छताखालून काळे पाइप गेलेले आणि दिवे वायरींना लोंबकळत सोडलेले. तिसरं पारंपरिक. तिथं हॉलमध्ये झोपाळा, कोपऱ्यात पितळी समया, उशांना पैठणीचे काठ आणि मधोमध एक दगडी जातं. जात्यावर काच बसवून त्याचं चहाचं टेबल केलेलं. मुलांच्या भाषेत मात्र शेवटपर्यंत चोराचं घर, गॅरेजचं घर आणि झोपाळ्याचं घर हीच नावं राहिली.

माणसंही काही कमी नव्हती. एका आजोबांनी गॅरेजच्या घरातली वीट बोटानं टोकरून पाहिली.

“गिलावा कवा करणार?”

“करायचा न्हाई, आजोबा,” मेघराज म्हणाला. “हे असंच असतंय. ह्याला जादा खर्च येतो.”

“न करायला?”

“व्हय.”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. हा पोरगा चेष्टा करतोय की काय, अशा नजरेनं. मी मान हलवून खरं आहे म्हटलं, तेव्हा ते सुनेला म्हणाले, “मग आपला गावाकडचा गोठा लई श्रीमंत हाय म्हणायचा.”

आणि एक बाई झोपाळ्याच्या घरात त्या जात्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. “आमच्या सासूनं ह्याच्यावर जन्म काढला,” त्या म्हणाल्या. “आता ह्याच्यावर चहा ठेवायचा व्हय?” मग काचेवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, “केवढ्याला असंल?”

त्या घरांची एक गोम होती. ती मला मेघराजनंच सांगितली. नमुन्याच्या घरातलं सगळं फर्निचर जरा लहान करून घेतलेलं असतं. सोफा बारका, जेवायचं टेबल आखूड, पलंग वीतभर कमी. आतल्या खोल्यांना दारंही लावलेली नसतात. म्हणजे खोली मोठी वाटते.

“लोकांच्या लक्षात येत नाही?” मी विचारलं होतं.

“परक्याच्या घरात कोण झोपून बघतंय, बाई?”

मला ते काही पटलं नाही. मी कोणाला आपण होऊन काही बोलले नाही, पण कोणी खोलीच्या आकाराबद्दल विचारलंच, तर गृहपाठ द्यायची. “घरी जा, तुमचा पलंग मोजा, आणि आकडा घेऊन परत या.” किती तरी माणसं खरोखर टेप घेऊन आली. मेघराज कुरकुरायचा. “बाई, तुम्ही माझं गिऱ्हाईक नापास करताय.” पण जी माणसं मोजून आली, ती पुष्कळदा घर घेऊनच गेली. त्यामुळे तो फार बोलायचा नाही.

सगळी माणसं गेली की मी कुलूप लावायच्या आधी झोपाळ्याच्या घरातल्या मुलांच्या खोलीत जाऊन उभी राहायची. खिडकीपाशी एक निळ्या चादरीचा पलंग, त्याला लागून लिहायचं टेबल, टेबलावर वाकवता येणारा दिवा. खिडकीतून ऊस दिसायचा.

आम्ही राहायचो ती घरं शिक्षकांच्या वसाहतीतली, दोन खोल्यांची. हर्षद स्वयंपाकघरात अभ्यास करायचा आणि तिथंच खाली अंथरूण घालायचा. पहाटे मी पाणी भरायला उठले, की त्याचं अंथरूण ओलांडून जावं लागायचं. सातवीत असताना त्यानं एकदा विचारलं होतं, “आई, आपल्याला तिसरी खोली कधी होईल?” मी म्हटलं होतं, “होईल की.” त्यानं पुन्हा विचारलं नाही. तो असाच होता. एकदा विचारायचा.

आणि त्या वर्षी गणपतीच्या सुमाराला तो फोनवर म्हणाला होता, “तिकडं एखादं नीट घर असतं, तर विचार केला असता गं. आता काय, काम कुठूनही करता येतं.”

बोलता बोलता म्हणाला असेल. मी मात्र ते वाक्य धरून ठेवलं. तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट, उसाच्या बाजूचा, मेघराजला माझ्या नावानं अडवून ठेवायला सांगितला. माझे फंडाचे पैसे होते, राहतं घर विकता आलं असतं. हर्षदनं हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

“दिवाळीपर्यंत धरतो, बाई,” मेघराज म्हणाला. “फुडं मालक ऐकायचा न्हाई.”

मग मी घर लावायला लागले. मनातल्या मनात. शलाका, माझी सून, मधून मधून तिला आवडलेल्या घरांचे फोटो पाठवायची, सगळे पांढरे. म्हणून हॉल चोराच्या घरासारखा करायचा ठरवला, तिला करमेल असा. फक्त ती फांदी नको. गॅरेजच्या घरातलं काही नको, नातीला, जुईला, वायरींची भीती वाटेल. जातं नको. झोपाळा हवा, आणि ती निळ्या पलंगाची खोली जशीच्या तशी हवी. मुलं घराची उत्तरं देत असायची, कोणी म्हणायचं इथं डॉक्टर राहतो, कोणी म्हणायचं नवीन नवरी, आणि मी ‘कशावरून’ विचारून झालं की तेवढ्यात पडद्याचा रंग बदलून बघायची.

दिवाळीला ते तिघं आले. मी त्यांना घरी काहीच सांगितलं नाही. भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी म्हटलं, “चला, माझी नोकरी दाखवते.”

“आईची नोकरी,” हर्षद हसला. “पगार काय देतात?”

“पोरं देतात.”

मेघराज इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभा होता. हर्षदला म्हणाला, “दादा, बाईंमुळं आमचं निम्मं बुकिंग झालंय. मोडलंयबी निम्मं.” मग माझ्याकडे बघून जरासा हसला आणि ऑफिसात जाऊन बसला. त्याला सगळं ठाऊक होतं.

आम्ही पांढऱ्या घरात शिरलो. शलाका हॉलच्या मधोमध उभी राहून सावकाश एक गिरकी घेतल्यासारखी फिरली.

“आई, किती छान आहे. तुम्ही हे सगळं लोकांना समजावून सांगता?”

“मुलांना सांगते. मोठी चोरून ऐकतात.”

“मला सांग ना, आजी,” जुई म्हणाली. ती तेव्हा पहिलीत होती.

मी तिला खाली बसवलं आणि खेळ समजावला. नीट बघायचं. इथं कोण राहतं ते सांगायचं, आणि कशावरून तेही. तिनं सगळं निरखलं. सोफ्याखाली वाकून पाहिलं, फांदीला हात लावला.

“इथं आम्ही राहतो,” ती म्हणाली.

मला हसू आलं. इतकं मनासारखं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. “कशावरून?”

“आमचं नवीन घर अस्संच आहे. सोफा पण असाच घ्यायचाय. फक्त किल्ली मिळायचीय.”

“जुई,” शलाका म्हणाली.

“पण मिळणारे ना? बाबा म्हणाले, जानेवारीत.”

हर्षदनं फोन खिशात ठेवला. “आई, सांगणारच होतो. कालपर्यंत सणाची गडबड होती, म्हटलं निवांत सांगू. ऑफिसपासून जवळ आहे, जुईची शाळाही तिथंच. कर्ज पास झालं, मग थांबता येईना.”

“चांगलं झालं की,” मी म्हटलं.

“तुमच्यासाठी खोली आहे, आई,” शलाका म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मनाची चांगली आहे ती. “म्हणजे तिथं सोफाच उघडून पलंग करणार आहोत, आणि यांचं चालायचं मशीन. पण तुम्ही आलात की मशीन बाहेर काढू.”

“असू दे गं. मशीनला राहू दे.”

पुढं काय करतात, ते मला समजेना. तास संपायच्या आधी धडा संपला तर काय करायचं, ते शाळेतल्या बाईला येत असतं. मी म्हटलं, “चला, अजून दोन घरं आहेत.”

गॅरेजचं घर मी भरभर दाखवलं. काय बोलले, ते आठवत नाही. पाइपांविषयी काही तरी बोलले असेन. झोपाळ्याच्या घरात जुई झोपाळ्यावर बसली, शलाका तिला झोके देत राहिली, आणि मी हर्षदला आतल्या खोलीत घेऊन गेले. नेलं नसतं तरी चाललं असतं. पण पाय सवयीनं तिकडंच वळले.

“ही मुलांची खोली,” मी म्हटलं.

तो खिडकीपाशी गेला. ऊस बघितला. दिवा वाकवून पाहिला आणि पुन्हा सरळ केला. मग म्हणाला, “बरी आहे गं,” आणि बोलता बोलता पलंगावर आडवा झाला. लहानपणी शाळेतून आला की दप्तर न काढता अंथरुणाच्या वळकटीवर पडायचा, अगदी तसा. दोन्ही हात डोक्याखाली.

त्याचे पाय पलंगाच्या बाहेर आले.

नुसती बोटं नाहीत. घोट्याच्या वरपर्यंत. टाचा हवेत. त्यानं पाय जवळ घेतले, तर गुडघे वर आले. तो कुशीवर वळला, पण तसाही मावला नाही.

“बाबांचे पाय घराच्या बाहेर,” दारातून जुई म्हणाली आणि खदखदून हसली.

“आई, पलंग लहान का आहे हा?”

“खोली मोठी दिसावी म्हणून,” मी म्हटलं. सगळ्यांना सांगायचे, त्याच आवाजात.

मी त्याच्या टाचांकडे बघत होते. भेगा पडलेल्या, रुंद टाचा. त्याच्या बाबांसारख्या. एवढ्या लोकांना मी मोजून यायला सांगितलं होतं. रोज संध्याकाळी या पलंगापाशी उभी राहत होते, आणि तिथं मला जो झोपलेला दिसायचा, तो अगदी मापात बसायचा.

हर्षद उठून बसला. चादर नीट केली. ती सवय त्याला मीच लावली होती.

“तू इथं कशाला आणलंस आम्हाला?” त्यानं विचारलं. तो एकदाच विचारतो, हे मला माहीत होतं.

“नोकरी दाखवायला,” मी म्हटलं.

निघताना मेघराज ऑफिसच्या बाहेर आला. “बाई, मग?”

“दुसऱ्या कोणाला दे,” मी म्हटलं. “चांगला फ्लॅट आहे. ऊस दिसतो.”

त्यानं मान हलवली. शाळेत पाढा चुकला की हलवायचा, तशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी होती. बॅगा दाराशी आल्या. हर्षद उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. शलाका लाडवांचा डबा कपड्यांत बसवत होती. जुई आमच्या बाहेरच्या खोलीत मधोमध येऊन उभी राहिली.

“आजी, आता मी विचारते. इथं कोण राहतं?”

“तूच सांग.”

तिनं नीट बघितलं. माझी वेताची खुर्ची, तिच्यावर वर्तमानपत्र. खुंटीवर एक छत्री. शाळेतल्या मुलांसाठीची लाल-निळी बस्करं, भिंतीशी रचलेली. आणि भिंतीला लागून तो मोठा सोफा. हर्षदच्या लग्नात घेतला होता, नवीन माणसं यायची म्हणून. मळू नये म्हणून दुकानातून आला तसाच ठेवला होता.

“एक आजी राहते,” जुई म्हणाली. “आणि बाकीचे अजून यायचेत.”

“कशावरून?” हे माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

“सोफ्याचं प्लॅस्टिक काढलेलं नाही.”

हर्षदचा हात नाडीवर थांबला. त्यानं वर पाहिलं नाही. मग गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

“बरोबर,” मी जुईला म्हटलं. बरोबर उत्तराला मी नेहमी खडीसाखर देत असे. तिच्या हातावर खडा ठेवला, आणि रिक्षा आली.

ते गेल्यावर मी कात्री आणली आणि सोफ्याचं प्लॅस्टिक कापून काढलं. आतलं कापड चांगलं होतं, खाकी रंगाचं. मी आधी या टोकाला बसून पाहिलं, मग त्या टोकाला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. गल्लीतली मुलं संध्याकाळी अभ्यासाला येतात आणि त्या सोफ्यावर दाटीवाटीनं बसतात. शाईचे डाग पडलेत, एका हाताचा कापूस बाहेर आलाय. हर्षदचा फोन रविवारी येतो. बंगळूरला मी दोनदा जाऊन आले. त्यांचं घर खरंच छान आहे, पांढरं, आणि मशीन त्यांनी खरोखरच बाहेर काढलं होतं. जुई मे महिन्यात येते, दहा दिवस राहते. ती आता बापाच्या खांद्याला लागली आहे.

सगळे फ्लॅट विकले गेले, तेव्हा नमुन्याची घरं मोडली. जातं कोणी तरी नेलं, झोपाळा मालकानं नेला. मेघराजचा फोन आला. “बाई, तुमच्या आठवणीला काय पाठवू? फांदी शिल्लक हाय.”

“तो निळा पलंग कोणी घेतलाय का?”

“त्यो? त्यो कुणाला पुरतोय, बाई? तसाच पडलाय.”

टेम्पोवाल्यानं पलंग आतल्या खोलीत लावून दिला आणि घाम पुसत विचारलं, “नातवाला घेतला व्हय, मावशी?”

“नाही. मलाच.”

त्यानं एकदा पलंगाकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. माझी उंची पहिल्यापासून कमी. फळ्यावर तारीख लिहायला मला स्टूल घ्यावं लागायचं, आणि मुलं हसायची. पलंग मला बरोबर पुरतो. पायाशी कड लागत नाही, आणि उशाकडे थोडी जागाही उरते.